आडवं झालं म्हणजे मेलं असं नाही हो

परवाच्या वादळी पावसात सोसायटीतला गुलमोहर कलंडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला करवतवाला हजर. रस्त्यावर असता, गाड्यांवर पडला असता तर वेगळी गोष्ट, पण हा मागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून होता आणि अर्धी मुळं मातीतच होती. दोरी लावून बघू म्हटलं तर सेक्रेटरी म्हणतात रिस्क नको. झालं.

तेव्हापासून काकांची श्रीवर्धनची वाडी डोक्यात आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं ते तिथेच, दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर. लॉकडाऊन, त्यात ई-पास, मी पोचलो तोवर बरेच दिवस गेलेले. बारा गुंठ्यांच्या वाडीत पोफळी (सुपारीची झाडं) सगळ्या एकाच दिशेला डोकं करून झोपलेल्या. मला वाटलं आता सगळं साफ करायचं. काका म्हणाले थांब, आधी कोण जिवंत आहे ते बघूया.

पोफळीला आणि माडाला कोंब एकच, शेंड्याचा. तो मोडला की संपलं, दुसरीकडून फुटत नाही. आंबा-फणसाचं तसं नाही, खोडातून फुटतात. आमचं एक हापूसचं कलम पार आडवं होतं, काकांनी उघडी मुळं त्याच दिवशी गोणपाटाने झाकून ओली ठेवलेली, मग मोडक्या फांद्या छाटून वजन कमी केलं, कापल्या जागी बुरशी धरू नये म्हणून बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप), आणि चार जणांनी दोराने हळूहळू उभं करून बांबूचे टेकू दिले. आज उभं आहे.

चुकलो ते पुढे. माडाची पडलेली खोडं ‘नंतर बघू’ म्हणून कुंपणाला लावून ठेवली. ती कुजली आणि आत गेंड्या भुंग्याच्या (माडाचा कोंब पोखरणारा किडा) पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या अळ्या! वादळातून वाचलेल्या माडांची नवी झापं कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी उघडायला लागली तेव्हा कळलं. म्हणजे जिवंत झाड कापायची घाई आणि मेलेलं उचलायला आळस, आपलं नेमकं उलटं असतं.

दुसरं म्हणजे ऊन. सावली गेली की उरलेल्या पोफळींची खोडं दुपारच्या, पश्चिमेकडच्या उन्हाने करपून तडकतात. काकू रोज जाऊन त्या बाजूला झावळ्या बांधायची. जायफळं मात्र नाही वाचली. मग मध्ये केळी लावली, पटकन सावली देते म्हणून.

आणि तेव्हाची सरकारी मदत? हेक्टरी 50 हजार. आमच्याकडे हेक्टर कोणाचा आहे हो, हिशोब सगळा गुंठ्यांत! पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात ते कुठल्या कॉलमात भरायचं?

पुराचं थोडक्यात सांगतो, चिपळूणला 22 जुलै 2021 नंतर मित्राच्या परसात बघितलंय. बुंध्याभोवती चढलेला गाळ आधी काढा, नाहीतर पाण्याने आधीच गुदमरलेल्या मुळांवर झाकण बसतं. पण माती चिखल असताना खणू-तुडवू नका, लगेच खतही नको. पुराचं पाणी लागलेली पालेभाजी सरळ फेकून द्या, त्यात गटारं मिसळलेली असतात.

काकांचा काल फोन होता. वादळानंतर लावलेल्या पोफळींपैकी चार झाडांना यंदा पहिल्यांदा शिंपुटं (सुपारीचे घोस) आलीत. फोटो पाठवलाय, अर्ध्या फोटोत त्यांचा अंगठाच आहे.