ट्रेडमार्क? बघू पुढे!

ऑनलाइन दुकान काढलंत, अभिनंदन. इन्स्टाग्रामवर पान झालं, पाकिटं छापून आली, पहिल्या ऑर्डरीचा फोटो स्टेटसला लागला. आता घरातला एखादा शहाणा माणूस जेवताना विचारणारच, "नावाचा ट्रेडमार्क केलास का? म्हणजे ते सरकारदरबारी आपलं म्हणून नोंदवलंस का?" अशा वेळी आमटी वाढून घ्यायची आणि म्हणायचं, "बघू पुढे." एवढं व्रत नीट पाळलं तर आपलं नाव दुसऱ्याच्या हवाली करायला फारशी मेहनत पडत नाही. तरीही काही लोक घाईघाईत बरोबर वागून बसतात, म्हणून थोडे बारकावे सांगून ठेवतो.

सुरुवात नावापासून. नाव असं हवं की वाचताक्षणी माल काय, कसा आणि कुठला ते कळलं पाहिजे. 'शुद्ध घरगुती मसाले' उत्तम. 'अस्सल गावरान तूप' त्याहून उत्तम. ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 9 ला अशा नावांची फार काळजी आहे. मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा मूळ ठिकाण एवढंच सांगणाऱ्या शब्दाला नोंदणी नाकारायची, असं तिथे लिहूनच ठेवलंय. शब्द सगळ्यांच्या कामाचा, मग तो एकट्याला कसा द्यायचा? अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाचे कष्ट वाचतात. अर्ज उघडला की नकार तयार.

या वाटेवर तुम्ही एकटे नाही. 'बुकमायशो'ने 'बुकमायऑफर'ला रोखायला दिल्ली उच्च न्यायालय गाठलं, तेव्हा 2017 मध्ये न्यायालयाने 'बुकमाय' हे शब्द वर्णनात्मक ठरवून अंतरिम मनाई, म्हणजे निकाल लागेपर्यंतची बंदी, नाकारली. 'फोनपे'लाही 2021 मध्ये त्याच न्यायालयात 'भारतपे'तल्या 'पे'वरून अंतरिम मनाई मिळाली नाही. एवढा पैसा ओतलेल्या कंपन्यांना जे जमलं नाही ते तुम्ही फॅमिली ग्रुपच्या पाठिंब्यावर करणार आहात. हिंमत लागते.

याउलट कायद्याला आवडतात ती नावं विचित्र असतात. कुठल्याच भाषेत अर्थ नसलेला, बसल्या बसल्या घडवलेला शब्द. 'कोडॅक' असाच घडवलेला. पण तुम्ही घरात असा शब्द सुचवून पाहा. सासूबाई विचारतील, "म्हणजे काय?" मेहुणा म्हणेल, "गूगलवर कोण शोधणार हे?" झालं, परत 'शुद्ध घरगुती'वर यायचं.

वर्णन नको असेल तर देव आहेतच. पण 'रामायण' हे नाव उदबत्तीसाठी एकट्याला देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं. तुपावरच्या 'कृष्ण' नावाच्या भांडणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2011 मध्ये त्या शब्दावर एकाची मक्तेदारी मानली नाही. देव सर्वांचा असतो हे आपण कीर्तनात ऐकतो आणि सोडून देतो. न्यायाधीश मात्र ते निकालपत्रात लिहितात.

देवही नकोत? मग गाव घ्या. चपला विकत असाल तर 'कोल्हापुरी', साड्या विकत असाल तर 'पैठणी'. ही दोन्ही भौगोलिक निर्देशनं, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाचीच नावं, म्हणून नोंदलेली आहेत. पैठणीची नोंदणी 2010 ची, कोल्हापुरी चपलांची 2019 ची, आणि तीही महाराष्ट्र व कर्नाटक दोघांच्या नावावर. त्या भागातला नसलेला माल त्या नावाने विकायला निघालात तर ट्रेडमार्क रजिस्ट्रार ते नाव नाकारू शकतो. सुरतेहून मागवलेली यंत्रमागावरची 'पैठणी' विकणाऱ्यांनी ही ओळ वाचलीच नाही असं समजावं.

नाव ठरलं की शोध घेऊ नका. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे, आणि फुकटच्या गोष्टीला आपण किंमत देत नाही हे बरंच आहे. तिथे लिहिलेल्या शब्दाबरोबरच उच्चाराने जवळचे शब्दही सापडतात. म्हणजे स्पेलिंगमध्ये एक 'ए' वाढवला किंवा 'के'च्या जागी 'क्यू' टाकला की आपलं नाव वेगळं झालं, या समजुतीवर पाणी पडतं. सणासुदीला असं दुःख कशाला? 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या नावांत ग्राहकाचा गोंधळ होईल का, यावर सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच डोकं घातलं होतं. सामान्य गिऱ्हाईक दोन बाटल्या शेजारी ठेवून अक्षरं जुळवत बसत नाही, त्याच्या मनात एकूण नाद राहतो, अशी ती दृष्टी. तुम्ही मात्र अक्षरंच मोजा.

आता नावाच्या मालकीचा पक्का बंदोबस्त. जीएसटी क्रमांक घ्या, लहान उद्योगाचं उद्यम प्रमाणपत्र घ्या, डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही विकत घ्या, जमलं तर खासगी मर्यादित कंपनी करा. सगळे कागद लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावा. यांपैकी एकाही कागदाने नावावर ट्रेडमार्काचा हक्क मिळत नाही, पण भिंत भरलेली दिसते. उलट गंमत अशी की तुमच्या कंपनीचं नाव दुसऱ्याच्या नोंदलेल्या ट्रेडमार्कासारखं निघालं, तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 16 खाली तो तीन वर्षांच्या आत अर्ज करून तुम्हालाच नाव बदलायला लावू शकतो. मग सीएची फी पुन्हा, लेटरहेड पुन्हा, बँकेत केवायसी पुन्हा. रोजगारनिर्मिती म्हणतात ती हीच.

खर्चाचं भान ठेवा. एकट्या व्यक्तीला, लहान उद्योगाला किंवा मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला, म्हणजे मालाच्या किंवा सेवेच्या एका प्रकाराला, 4,500 रुपये आहे. साडेचार हजार! एवढ्यात एका इन्फ्लुएन्सर ताईकडून पंधरा सेकंदांचं रील होतं, त्यात ती तुमच्या नावाचा उच्चारही चुकीचा करते. फोटोशूट, ड्रोन, उद्घाटनाला खऱ्या झेंडूच्या माळा, या आवश्यक गोष्टी. नाव हे काय, आपोआप राहतंच.

लोगोसाठी मोफत ॲप वापरा. त्यातलं पान-आणि-चमचा हे चित्र आणखी कितीजणांनी घेतलंय ते पाहू नका. ओळखीच्या मुलाकडून करून घेत असाल तर चित्राचे हक्क तुमच्या नावे करणारा कागद लिहून घेऊ नका, बिर्याणीवर भागवा. पुढे तोच मुलगा तेच चित्र, रंग बदलून, तळेगावच्या एका लोणचेवाल्याला देईल.

एवढं करूनही कुणी फारच मागे लागलं आणि अर्ज करणं भागच पडलं, तरी घाबरू नका. अर्ज करूनही हक्क न मिळण्याच्या पुष्कळ सोयी आहेत. एक म्हणजे वर्ग. एकूण 45 वर्ग आहेत: 34 मालाचे, 11 सेवांचे. मसाले तिसाव्यात, लोणचं एकोणतिसाव्यात, कपडे पंचविसाव्यात, आणि सगळ्यांचा माल एका छताखाली विकणारं ऑनलाइन दुकान ही सेवा पस्तिसाव्यात. तुम्ही स्वतःच्या नावाने मसाला विकत असाल तर एजंट सांगेल त्या कुठल्याही एका वर्गात टाका, शक्यतो ज्यात तुमचा माल नाही अशा.

दुसरं, शब्दाचा अर्ज करू नका, रंगीत लोगोचाच करा. शब्दाची नोंदणी झाली तर तो कुठल्याही अक्षरवळणात लिहिला तरी तुमचा, हे जरा जास्तच होतं. लोगो भगव्या-हिरव्यात बांधून दिला की कायदाही तुम्हाला त्याच रंगांत बांधतो. काळ्या-पांढऱ्यात दिला असता तर सगळे रंग मिळाले असते. आणि लोगोत मोठ्या अक्षरांत 'शुद्ध घरगुती' असलं तर प्रमाणपत्र हातात येईल, पेढे वाटाल, पण त्या शब्दांवर वेगळा हक्क मात्र मिळणार नाही. पेढे खरे असतात, त्यामुळे फरक पडत नाही.

तिसरी सोय सगळ्यांत कामाची: अर्जात ईमेल भाच्याचा द्या. तोच कॉम्प्युटरवर बसतो ना? पुढे परीक्षण अहवाल, म्हणजे अर्जावरच्या आक्षेपांचा कागद, त्या ईमेलवर येतो आणि उत्तराला एक महिना असतो. महिना उलटला की अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. भाचा तोपर्यंत बंगळूरला रुजू झालेला असतो. दिवाळीत घरी आला की सांगतो, "अगं मामी, ते काहीतरी आलं होतं, मला वाटलं स्पॅम आहे."

अर्ज मान्य झाला तर तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतो आणि चार महिने कुणालाही हरकत घ्यायला मुभा असते. हरकत आली तर दोन महिन्यांत उत्तर द्यायचं, नाहीतर अर्ज संपला. हे जर्नल दर सोमवारी निघतं. तुमच्यासारखंच नाव दुसऱ्या कुणी मागितलेलं त्यात दिसू शकतं, आणि ऑनलाइन हरकत घ्यायला एका वर्गाचे 2,700 रुपये पडतात. पण सोमवार म्हणजे उपास, साबुदाणा भिजवायचा असतो. जर्नल कोण उघडणार?

नोंदणी होईपर्यंत थांबायची गरज नाही. गोलातलं 'आर' आजच छापा. 'टीएम' ही दोन अक्षरं नोंदणीविना कुणीही लावू शकतो, पण ती गरीब दिसतात. नोंदणी नसताना 'आर' लावणं ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 107 खाली कारवाईला पात्र आहे, हे खरं. पाकीट मात्र काय उठून दिसतं!

"पण आम्ही तर आधीपासून वापरतोय!" असं तुम्ही म्हणाल, आणि इथे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, म्हणून धोकादायक आहे. आपल्याकडे आधी वापरणाऱ्याला खरंच मान आहे. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं की आधीच्या वापरकर्त्याचा हक्क नोंदणीवाल्यापेक्षाही वरचढ. पुण्याचंच बघा. कॅम्पातलं 'बर्गर किंग' 1992 पासून चाललेलं. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने 2011 मध्ये दावा लावला, भारतात पहिलं दुकान उघडलं 2014 मध्ये, आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुणे जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. पुणेकरांनी आनंदाने फॉरवर्ड केलं. पण डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या दुकानाला ते नाव वापरायला मनाई केली, आणि मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. म्हणजे दावा लागला तेव्हा पहिलीत असलेलं पोर आता वकिलीला प्रवेश घेऊ शकतं. तुमच्याकडे एवढा वेळ आणि वकिलाची फी असेल तर नोंदणीची खरोखर काही गरज नाही.

आधीचा वापर सिद्ध करायला तारखेचे कागद लागतात: नाव छापलेली बिलं, जाहिराती, कुरिअरच्या पावत्या. अर्जात जुन्या वापराचा दावा केला तर प्रतिज्ञापत्रही द्यावं लागतं. इथे तुमची पूर्वतयारी पाहून मी थक्क होतो. बिलं मालकाच्या नावाने, त्यावर ब्रँडचा पत्ता नाही. जाहिराती सगळ्या इन्स्टाच्या स्टोरीत, ज्या चोवीस तासांत दिसेनाशा होतात. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर, आणि फोन गेल्या गणपतीत पाण्यात पडलेला. "आजेसासूबाई 1962 पासून हाच मसाला करायच्या" हे खरं असेलही, पण आजेसासूबाई पाकिटावर नाव छापत नव्हत्या.

मग एक दिवस तोच रंग, तसंच नाव, वीस रुपयांनी स्वस्त असं पाकीट ॲमेझॉनवर दिसतं. तुम्ही तक्रारीला जाता. तिथली ब्रँड रजिस्ट्री ट्रेडमार्काचा क्रमांक मागते, नोंदलेला नाहीतर निदान दाखल केलेल्या अर्जाचा. तुम्ही जीएसटीचा फोटो पाठवता. मग उद्यमचा. मग लॅमिनेट केलेलं सगळंच, एकत्र पीडीएफ करून. शेवटी फेसबुकवर 'मराठी माणसाचे पाय मराठी माणूसच ओढतो' अशी पोस्ट टाकता. तिला लाइक चांगले येतात. तो दुसरा माणूसही लाइक करतो.

आणि तो आळशी नसेल तर पुढची पायरी तोच चढतो: अर्ज त्याचा, वर्ग बरोबर, शब्द काळ्या-पांढऱ्यात, ईमेल स्वतःचा. नोंदणी झाली की हक्क अर्जाच्या तारखेपासून मोजतात. मग वकिलाची नोटीस तुमच्याकडे येते, सात दिवसांत नाव थांबवा म्हणून. नोटीस फ्रिजवर भोपळ्याच्या चुंबकाखाली लावा आणि उत्तर देऊ नका. उत्तर दिलं तर आपण घाबरलो असं वाटतं.

छापलेल्या पाकिटांची मात्र चिंता नको. मागच्या खोलीत उरलेल्या सगळ्यांवर 'न्यू' असं स्टिकर चिकटवा, पुरलं नाही तर 'ओरिजिनल' लिहून घ्या. आणि संकेतस्थळाच्या तळाशी, रिटर्न पॉलिसीच्या खाली, ठळक अक्षरांत टाका: 'नक्कल करणाऱ्यांपासून सावध. आमची कुठेही शाखा नाही.' तो दुसरा माणूस हीच ओळ वापरतो, पण त्याने ती वकिलाकडून तपासून घेतलीय.