तुंबाडला हॉररच्या मापाने मोजू नका

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये तुंबाड हा हिंदी सिनेमा परत थिएटरला लागला आणि २०१८ च्या पहिल्या रिलीजपेक्षा जास्त चालला, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला. अर्धे म्हणे मास्टरपीस, अर्धे म्हणे हॉरर म्हणून गेलो आणि एकदाही दचकलो नाही, पैसे वाया. मला हे दचकण्याचं प्रकरण पटतच नाही. मी राहतो जर्मनीत कासेलला, जिथे ग्रिम भावांनी लोककथा गोळा केल्या, १८१२ मध्ये पहिला खंड काढला. त्या मूळ गोष्टी वाचा, त्यात उपासमार आहे, पोरांना जंगलात सोडणारे आईबाप आहेत, आणि हाव तर विचारू नका. कोळ्याच्या बायकोला जादूचा मासा घर देतो, राजवाडा देतो, पोपसुद्धा करतो, शेवटी बाई देवच व्हायचंय म्हणते आणि होत्या त्या खोपटात परत.

तुंबाडच्या नायकाचं, विनायकचं, वेगळं काय आहे? दोराने देवीच्या पोटात उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, कणकेची बाहुली पुढे करायची आणि हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटीतून मोहरा ओढायच्या. ज्याला सोनं मिळालं पण धान्य नाही, असा कायमचा भुकेला देव! अजून काय भीती पाहिजे? इथल्या एका सहकारी बाईंना दाखवला, त्यांना १९१८ चं कोकण, वाडा, त्याचे मालक ‘सरकार’ काहीच ठाऊक नाही, पण विनायकचा पोरगा बापाला म्हणतो अख्खी लंगोटीच पळवू, तिथे त्या मोठ्याने नको नको म्हणायला लागल्या.

व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात क्रिटिक्स वीक या विभागाची सुरुवात याच सिनेमाने झाली होती. आपल्याकडे कौतुक झालं, नाही असं नाही, पण फिल्मफेअर मिळाले ते कॅमेरा, कलादिग्दर्शन आणि साउंडला, म्हणजे दिसतो भारी, ऐकू येतो भारी, आणि गोष्टीचं काय?

घरच्यांची एक तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य आहे, भाषेची. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, बीज नारायण धारपांच्या कथेचं, गाव कोकणातलं, आणि पोराला हस्तरची भीती घालणारी आई हिंदीत बोलते. ग्रिमनी ती कोळ्याची गोष्ट उत्तर जर्मनीच्या बोलीतच छापली, प्रमाण भाषेत घासूनपुसून नाही घेतली. दुसरा भाग जाहीर झालाय, तो तरी आधी मराठीत लिहा रे, हिंदी डबिंग मागाहून करा, आम्ही इथून तिकीट काढून बघू.