चमच्याने मोजलेले पेट्रोल

आमच्याकडे सहा वर्षे एक एसयूव्ही होती, असे म्हणण्यापेक्षा त्या एसयूव्हीच्या सावलीत आम्ही सहा वर्षे काढली असे म्हणणे अधिक खरे ठरेल. ती घेताना मी स्वतःची अशी समजूत घालून घेतली होती की, माझ्या आयुष्यात आता डोंगर, नद्या आणि वाळवंटे यायची आहेत. प्रत्यक्षात तिने सर केलेला सर्वांत दुर्गम प्रदेश म्हणजे कार्यालयाच्या वाहनतळाच्या तोंडाशी असलेला स्पीडब्रेकर. चारही चाकांना जोर पुरवणारी कळ मी सहा वर्षांत एकदाच फिरवली, तीसुद्धा गाण्याचा आवाज वाढवायची कळ समजून. दोन टन वजन आणि सात माणसांची आसने असलेल्या त्या वाहनातून रोज एक मी, एक डबा आणि एक छत्री एवढाच ऐवज जात असे. एका पोस्टकार्डासाठी मालगाडी सोडावी, तसा हा प्रकार होता.

मराठीत गाडी ॲव्हरेज ‘देते’ असे आपण म्हणतो. आमची गाडी ते फार हात आखडून देत असे. लिटरला आठ किलोमीटर, आणि तेही उतारावर मर्जी असेल तर. टाकी भरायला इतका वेळ लागे की पंपावरच्या सगळ्या सूचना मला तोंडपाठ झाल्या होत्या आणि तिथला मुलगा मी दिसताच, ज्याचा रोजचा रतीब ठरलेला आहे अशा गिऱ्हाइकाकडे पाहून हसावे, तसा हसू लागला होता. वर्षाला १२,००० किलोमीटर म्हणजे १,५०० लिटर पेट्रोल, हा हिशेब मी एका रात्री कागदावर मांडला आणि तो पुन्हा तपासून पाहिला, कारण तो चुकला असावा अशी माझी मनापासून इच्छा होती. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे माझी गाडी दरवर्षी स्वतःच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक वायू मागे सोडत होती, आणि हे सगळे एका छत्रीला कार्यालयात पोहोचवण्यासाठी.

जुनी हायब्रिड गाडी घेण्याचा विचार मी घरात मांडला, तेव्हा सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला : “अहो, आत इंजिनही आणि मोटरही, म्हणजे बिघडायला दोन गोष्टी झाल्या ना?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नसल्यामुळे मी इतिहासाकडे वळलो. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारासच पेट्रोलचे इंजिन आणि विजेच्या मोटरी एकाच गाडीत बसवल्या होत्या, आणि टोयोटाने १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्रियस विक्रीला आणली तेव्हापासून ही कल्पना सामान्य माणसाच्या दारात आली, असे मी जरा आवाज चढवून सांगितले. “म्हणजे मधली जवळजवळ शंभर वर्षे ती कुणाला नको होती,” एवढेच त्या म्हणाल्या आणि भाजी निवडू लागल्या. माझ्या घरातील बहुतेक चर्चा मी अशाच जिंकतो.

एसयूव्ही विकण्याचा प्रसंग मी थोडक्यात आटोपतो, कारण तो आठवला की अजूनही अंगावर काटा येतो. घेताना ज्या गोष्टी गुण म्हणून मला ऐकवल्या गेल्या होत्या, त्याच गोष्टी विकताना दोष म्हणून ऐकाव्या लागल्या. मोठी आहे, ठेवायला जागा लागते. इंजिन दणकट आहे, म्हणजे पिणार. फार चालवलेली नाही, मग बंद उभी राहून काय काय कुजले असेल कुणास ठाऊक. दलालाने गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि प्रत्येक प्रदक्षिणेला तिची किंमत उतरत गेली. चौथी सुरू होण्याआधी मी ‘हो’ म्हणून टाकले.

हायब्रिड निवडताना मात्र मी अतिशय सावध होतो. जुन्या गाडीचे झिजलेले टायर डोळ्यांना दिसतात, गंज दिसतो, पण बॅटरीच्या मनात काय आहे ते बाहेरून कळत नाही. त्या पिढीच्या कित्येक गाड्यांत १.२ व्होल्टचे १६८ घट, म्हणजे सेल, एकापुढे एक जोडून सुमारे २०० व्होल्टची बॅटरी बनवलेली असते, आणि त्यातले मोजके घट जरी रुसले तरी सगळ्या पंगतीचा विरस होतो. म्हणून मी एक जाणकार मेकॅनिक सोबत नेला. त्याने यंत्र जोडून आकडे वाचले, मान हलवली, आणि मग मागच्या आसनाच्या कडेला असलेली एक जाळी काढून माझ्यासमोर धरली. या बॅटरीला थंड ठेवणारा पंखा प्रवाशांच्या भागातलीच हवा ओढून घेतो, आणि ती हवा ज्या जाळीतून जाते तिच्यावर पांढऱ्या केसांची एक छानशी गादी तयार झाली होती. “आधीच्या मालकाकडे कुत्रा होता,” तो गंभीरपणे म्हणाला, “आणि तो याच बाजूला बसत असे.” गाडी दाखवणाऱ्या गृहस्थांनी, गाडी एकाच हातची आहे असे आम्हांला छातीठोकपणे सांगितले होते, पंजांचा उल्लेख त्यांनी केला नव्हता. जाळी साफ झाली, बॅटरी निरोगी निघाली आणि गाडी आमची झाली. केस अजूनही कुठून ना कुठून निघतात.

पहिल्या दिवशी सकाळी सगळे कुटुंब नव्या-जुन्या गाडीत बसले. मी ब्रेकवर पाय ठेवला, बटण दाबले आणि काहीच झाले नाही. पुन्हा दाबले, तरी काही नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा दाबले. मुलाने मागून ‘बंद पडली’ असा निकाल दिला. सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत, आणि त्यांचे न बोलणे हे बोलण्यापेक्षा अधिक सविस्तर असते. शेवटी पुस्तिका उघडून पाहिली, तेव्हा उलगडा झाला की गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली होती. पडद्यावर ‘तयार’ असल्याचा एक छोटा हिरवा दिवा लागतो, तेवढाच तिचा हुंकार. त्यानंतर मी तिला दुसऱ्या दाबाने बंद केले, तिसऱ्याने सुरू केले, चौथ्याने पुन्हा बंद केले, आणि ती बिचारी दर वेळी निमूटपणे हुकूम पाळत राहिली. आयुष्यभर इंजिनाच्या गुरगुरण्यालाच सुरुवात समजणाऱ्या माणसाला शांतता हीसुद्धा सुरुवात असू शकते हे पटायला वेळ लागतो.

या शांततेचा त्रास इतरांनाही झाला. आमच्याच गल्लीत एक वृद्ध काका फोनवर बोलत रस्त्याच्या मधून चालले होते. हॉर्न वाजवून त्यांना दचकवणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून मी त्यांच्या चालीने, विजेवर, निःशब्दपणे त्यांच्या मागे राहिलो. कोपऱ्यावर त्यांनी सहज वळून पाहिले, तेव्हा त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर मी काचेआडून आदराने हसत होतो. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. युरोपात जुलै २०१९ पासून बाजारात येणाऱ्या अशा नव्या मॉडेलांना कमी वेगात मुद्दाम आवाज काढण्याची सक्ती झाली आहे. आवाज घालवण्यात अभियंत्यांची हयात गेली आणि तो गेल्यावर आवाज करणारे यंत्र बसवावे लागले. माझी गाडी त्या नियमाच्या आधीची असल्यामुळे काकांना त्याचा लाभ झाला नाही.

परंतु माझा खरा अधःपात झाला तो डॅशबोर्डवरच्या पडद्यामुळे. त्यावर एक चित्र असते. इंजिनाकडून चाकांकडे, चाकांकडून बॅटरीकडे, बॅटरीकडून मोटरीकडे असे बाण सारखे धावत असतात आणि खाली त्या क्षणाचे ॲव्हरेज एका पट्टीने वरखाली होत असते. पहिल्या आठवड्यात मी तो पडदा अधूनमधून पाहत असे. दुसऱ्या आठवड्यापासून अधूनमधून रस्ता पाहू लागलो. मग मी वाचन केले, आणि अर्धवट वाचलेल्या माणसाइतका घरच्यांना दुसरा ताप नाही. दोन टनांची गाडी ताशी ६० च्या वेगात असताना आपण ब्रेक दाबून थांबवतो, तेव्हा तो वेग मिळवण्यासाठी जाळलेले सुमारे पाच-सहा छोटे चमचे पेट्रोल ब्रेकच्या पट्ट्या तापवण्यात फुकट जाते. हायब्रिडमध्ये मोटर उलटी राबून जनित्र होते आणि त्यातला बराचसा भाग विजेच्या रूपाने परत बॅटरीत जमा करते, पण ब्रेक हळुवार दाबला तरच. करकचून दाबला तर साध्या ब्रेकचा आधार घ्यावा लागतो आणि चमचे गेले ते गेलेच. हे कळल्यापासून लाल दिवा दूरवर, अगदी ठिपक्याएवढा दिसताच मी एक्सलरेटरवरून पाय उचलू लागलो आणि एखाद्या संन्याशासारखा तरंगत तरंगत त्याच्याकडे जाऊ लागलो. माझ्या मागे जमलेल्या रांगेतून माझ्या पूर्वजांचा उल्लेख होई, पण पडद्यावरचे बाण बॅटरीकडे वळलेले पाहून माझ्या मनाला जी शांती मिळे, तिच्यापुढे पूर्वजांची प्रतिष्ठा ही क्षुल्लक बाब होती.

“आता पेट्रोल चमच्याने मोजणार का?” असे सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा त्यांना ते टोमण्यासारखे वाटत होते, मी मात्र “छोट्या चमच्याने” असे उत्तर दिले. डिकीतली सतरंजी, जुनी मासिके आणि मुलाची फुटबॉलची पिशवी मी वजन कमी करण्यासाठी काढून टाकली. टायरमधली हवा दर रविवारी तपासू लागलो. एसीची कळ मी हळूच बंद करी आणि कपाळावर घाम आलेल्या कुटुंबाला खिडकीबाहेरची शोभा दाखवी. एकदा, सासूबाई मागे बसल्या असताना, “आपलं आज ॲव्हरेज जरा कमी का आलं?” असा प्रश्न मी मोठ्याने स्वतःलाच विचारला, आणि पुढचे चार दिवस घरात पहिल्या सकाळच्या गाडीसारखी शांतता होती.

हायब्रिडमध्ये आणखी एक उफराटेपणा असतो. इतर गाड्या मोकळ्या महामार्गावर जास्त चालतात आणि गर्दीत पेट्रोल पितात. हिची गोष्ट बरीचशी उलटी आहे. महामार्गावर ब्रेकच लागत नाही, त्यामुळे परत मिळवायला काही नसते, आणि ताशी ८० वरून १०० वर गेले की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक वाढतो. याउलट गर्दीत, सरकत-थांबत जाताना, इंजिन बराच वेळ झोपलेले असते. परिणामी मी वाहतूककोंडीवर प्रेम करू लागलो. जी बातमी ऐकून सज्जन माणसे रस्ता बदलतात, तीच ऐकून मी मुद्दाम त्या रस्त्याने जाऊ लागलो. कोंडीत अडकलेल्या शेकडो संतप्त चेहऱ्यांमध्ये एकच चेहरा समाधानाने उजळलेला दिसला असता. फक्त कार्यालयात पोहोचायला वीस मिनिटे उशीर होई.

पडदा आपले कौतुक जरा वाढवून सांगतो, अशी शंका आल्यावर मी वही घातली. टाकी काठोकाठ भरायची, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरायची, मधले किलोमीटर भागिले लिटर. पडदा २१ म्हणत होता, वही १९ म्हणाली. आठवरून एकोणीस! १२,००० किलोमीटरला १,५०० ऐवजी सुमारे ६३० लिटर, म्हणजे वर्षाकाठी ८७० लिटरची बचत. हा आकडा मी इतक्या लोकांना सांगितला की तोच माझ्यावर उलटला. कमी खाणाऱ्या पाहुण्याला सगळे जेवायला बोलावतात, तसे आमच्या गाडीचे झाले. लांबच्या लग्नाला जायचे? यांची गाडी काढा, हिला लागतेच किती. विमानतळावर सोडायचे, कुणाच्या मावशीला आणायचे, सुट्टीत कुठेतरी भटकायचे, सगळ्याला कारण एकच. वर्ष संपले तेव्हा गाडी १९,००० किलोमीटर चालली होती आणि १,००० लिटर प्याली होती. ८७० लिटर वाचायचे ते ५०० वाचले. कोळसा कमी खाणारी यंत्रे आली की कोळशाचा एकूण खप घटण्याऐवजी वाढतो, असे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच सांगून ठेवले होते. त्यांच्या घरातही मावशा असाव्यात.

लांबचे प्रवास असे इतरांनी बळकावल्यावर माझ्या हाती जवळच्या फेऱ्या उरल्या. पण इंजिन थंड असताना ते गरम होण्यासाठी उगीचच चालत राहते आणि दोन किलोमीटरच्या फेरीत ॲव्हरेजची लाज जाते. वहीतला १९ हा आकडा १८ होऊ नये म्हणून मी या सगळ्या फेऱ्या पायी करू लागलो. भाजी पायी, औषधे पायी, शेवटी कार्यालयसुद्धा बसने. गाडी सतरा दिवस जागची हलली नाही. ॲव्हरेज अबाधित राहिले.

अठराव्या दिवशी मेहुण्याला स्टेशनवरून आणायला निघालो, तर दार उघडेना. किल्लीवरचे बटण दाबून दाबून अंगठा दुखला. या गाडीत २०० व्होल्टची बलाढ्य बॅटरी असली तरी तिला कामाला लावणारी यंत्रणा एका साध्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालते, आणि ती छोटी बॅटरी उभ्या उभ्या प्राण सोडून बसली होती. ती डिकीत होती, आणि डिकीचे कुलूप तिच्याच विजेवर उघडत होते. किल्लीच्या पोटात लपवलेली धातूची किल्ली काढून मी पुढचे दार उघडले आणि पुस्तिका वाचत बसलो. तासाभराने मेहुणा भाड्याची गाडी करून स्वतःच आला. ती एसयूव्ही होती. इतकी मोठी की तिच्या सावलीत माझी गाडी अख्खी मावली.

तिच्या चालकाने केबल काढल्या, माझ्या गाडीचे बॉनेट उघडून नेमक्या जागी चिमटे लावले आणि “आता थांबा थोडं” असे सांगून आपले इंजिन घुरघुरत ठेवले. मेहुणा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

“बाकी सोडा दाजी,” तो म्हणाला, “ॲव्हरेज किती देते?”

मी सवयीने पडद्याकडे बोट केले. पडदा काळा होता. मग मी वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. अकराव्या टाकीपर्यंत आलो, तेव्हा तो हिरवा दिवा केव्हाचा लागलेला होता आणि मेहुणा घरात जाऊन चहा पीत होता.