‘हा सिनेमाच नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढं सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत, नुसतं ‘बोअर’ लिहून गेला असतात तर बोलायला काही उरलं नसतं. तुमचं म्हणणं असं की स्पॅनिश दिग्दर्शक कार्लोस साउराचा ‘ब्लड वेडिंग’ (१९८१) हा नृत्यपट म्हणजे हॉलमध्ये कॅमेरा लावून शूट केलेली नाचाची तालीम, त्यात दिग्दर्शकाने काय केलं, त्यापेक्षा बालगंधर्वला तिकीट काढून जिवंत प्रयोग बघावा. बालगंधर्वला मीही जातो, पण ‘नुसतं शूट केलंय’ हे मला अजिबात पटत नाही.

शेवटची चाकूची मारामारी घ्या. स्पॅनिश नाटककार लोर्काच्या ज्या नाटकावर हा सिनेमा बेतलाय त्यात ती स्टेजवर होतच नाही, फक्त किंकाळ्या ऐकू येतात. इथे ती समोर घडते, आणि अगदी संथ. हा कॅमेऱ्याचा स्लो मोशन नाही बरं का! नवरी पळवणारा झालेला नर्तक-नृत्यदिग्दर्शक आंतोनियो गादेस आणि नवरदेव झालेला नर्तक, दोघं स्वतःच्या अंगाने ती संथ लय धरून ठेवतात, संगीत बंद, झुकलेलं शरीर पडू न देता चाकूचा हात इंच इंच पुढे सरकतोय आणि आपण अगदी जवळून बघतोय. पंधराव्या रांगेतून हे दिसलं असतं का?

मेकअप रूमचा भाग उगाच ताणलाय म्हणता, मला तर तो कणा वाटतो. गादेस आरशासमोर तोंड रंगवतो, आपण नाचाकडे कसे वळलो ते सांगतो, मग सगळे वॉर्मअप करतात, आणि तोच माणूस त्याच रिकाम्या हॉलमध्ये दुसऱ्याची बायको पळवणारा लिओनार्दो होतो. हे होताना बघायला मिळणं, पडदा उघडल्यावर सुरू होणाऱ्या प्रयोगात कुठे असतं?

आणि सेट नाही, घोडे नाहीत ही तक्रार पुण्यातून यावी याचं मला खरंच वाईट वाटलं. १९७२ साली भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा ओळीने उभी असलेली माणसंच भिंत होती, तीच नाचत होती, तीच गात होती, तेव्हा कुणी विटा मागितल्या नाहीत. इथे नर्तक अंगानेच घोडेस्वार होतात, मग ते का चालू नये?

जेमतेम सव्वा तासाचा सिनेमा आहे, फोनवर बघितला असेल तर एकदा मोठ्या स्क्रीनवर बघा, मारामारीत चाकूपेक्षा पायांवर लक्ष ठेवा. तरीही शूट केलेलं नाटकच वाटलं तर जरूर लिहा, आपण परत भांडू.