सही करण्याआधी बंद पडलेल्या कंपनीला फोन करा

"दादा, टर्मशीट आली! शुक्रवारपर्यंत सही मागतायत."

गेल्या मंगळवारी रात्री कोल्हापूरहून एका मुलाचा फोन आला. टर्मशीट म्हणजे गुंतवणूकदार कोणत्या अटींवर कंपनीत पैसे घालणार ते सांगणारा कागद. दोन वर्षं स्वतः पगार न घेता कंपनी चालवतोय. घरच्यांनी दागिने गहाण ठेवलेत. तो इतका आनंदात होता की माझ्या तोंडून आधी अभिनंदनच निघालं. मग विचारलं, "या लोकांची काय चौकशी केलीस?" म्हणाला, "वेबसाइट बघितली."

२०१८ साली मीही तेवढंच केलं होतं. म्हणून आज हे लिहायला बसलोय.

आमच्या दुधाच्या कंपनीत गुंतवणूक आणणारे फंडाचे (अनेकांचे पैसे गोळा करून कंपन्यांत घालणारी संस्था) पार्टनर पहाटे पाचला दूध संकलन केंद्रावर येऊन उभे राहिले होते. शेतकऱ्यांशी बोलले, फॅट मोजायचं यंत्र कसं चालतं ते समजून घेतलं. माणूस खरोखर चांगला. अकरा महिन्यांनी त्यांनी तो फंड सोडला. त्यांच्या जागी बोर्डवर जे आले, त्यांनी आम्हाला निवडलेलं नव्हतं आणि दुधाच्या धंद्यात त्यांना रसही नव्हता. पुढच्या राउंडला, म्हणजे पैसे उभारण्याच्या पुढच्या फेरीला, फंडाने हात आखडता घेतला. मग ज्या नव्या गुंतवणूकदाराकडे जावं त्याचा पहिला प्रश्न एकच असायचा, "तुमचे जुने लोक पुन्हा पैसे का घालत नाहीत?" यावर काय सांगणार? चौदा जणांना घरी पाठवावं लागलं. त्यातल्या एकीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. ते अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हा दोन प्रश्न विचारायला हवे होते. हा फंड सोडून किती पार्टनर गेले, आणि ते गेल्यावर त्यांच्या कंपन्यांचं काय झालं? पुढच्या राउंडसाठी आमच्या नावाने किती पैसे राखून ठेवलेत? दोन्ही साधे प्रश्न आहेत. विचारले तर कुणी रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्याबद्दल तिथेच कळतं.

पण सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे फोन. फंड स्वतःहून चार-पाच फाउंडरांची नावं देतो. ती चांगलं चाललेल्या कंपन्यांची असतात. त्यांच्याशी जरूर बोला, पण खरी माहिती ज्यांच्या कंपन्या बंद पडल्या त्यांच्याकडे असते. त्यांची नावं फंडाच्या वेबसाइटवरून गायब झालेली असतात. जुन्या बातम्यांत, लिंक्डइनवर ती सापडतात. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून कोणत्याही कंपनीची कागदपत्रं बघता येतात. शेअर कुणाला दिले, कोणता संचालक कधी आला आणि कधी गेला, सगळं तिथे असतं. आपल्या सीएला सांगा, एका दुपारचं काम आहे.

आणि फोनवर "गुंतवणूकदार कसे आहेत?" असं विचारू नका. "चांगले आहेत" एवढंच ऐकू येईल. विचारा की पगाराला पैसे नव्हते त्या महिन्यात ते तुमचा फोन घेत होते का. गुंतवणुकीचा ठरलेला हप्ता वेळेवर आला का. कंपनी बंद करताना कामगारांची देणी भागवायला त्यांनी आडकाठी केली का. तुम्ही पुन्हा कंपनी काढली तर त्यांच्याकडे जाल का. शेवटच्या प्रश्नावर लोक थांबून उत्तर देतात. घाई करू नका, त्यांना बोलू द्या.

आता थोडं गणित, कारण माणूस कितीही भला असला तरी तो फंडाच्या गणितात अडकलेला असतो. समजा फंड १,००० कोटींचा आहे आणि शेवटी तुमच्यात त्याचा वाटा १५ टक्के आहे. कंपनी २०० कोटींना विकली गेली तर त्याला ३० कोटी मिळतील. आपल्या घरात सात पिढ्यांनी एवढी रक्कम बघितलेली नाही. त्याच्या दृष्टीने ती फंडाच्या तीन टक्के. तो म्हणणार, विकू नका, अजून पळा. १०० कोटींच्या फंडाला मात्र तेच ३० कोटी फार मोलाचे. म्हणून आपल्या धंद्याची झेप ओळखा आणि त्या मापाचा फंड शोधा.

फंडाचं वयही विचारा. यातले बहुतेक फंड आठ-दहा वर्षांच्या मुदतीचे असतात. सहाव्या वर्षातला फंड आज तुमच्यात आला तर त्याला लवकर बाहेर पडायचंय हे उघड आहे. सेबीच्या यादीत फंडाची नोंदणी आहे का, तेही बघून घ्या.

अटींमध्ये 'पार्टिसिपेटिंग' हा एक शब्द डोळ्यांत तेल घालून वाचा. पाच कोटी घेऊन २० टक्के दिलेत आणि कंपनी १२ कोटींना विकली, असं धरू. लिक्विडेशन प्रेफरन्स (विक्रीच्या पैशातून आधी आपले पैसे काढून घेण्याचा हक्क) एकपट आणि नॉन-पार्टिसिपेटिंग असेल तर ते पाच कोटी नेतील, बाकीच्यांना सात उरतील. तेच पार्टिसिपेटिंग असेल तर आधी पाच, मग उरलेल्या सातातले २० टक्के. म्हणजे ते ६.४० कोटी नेणार आणि तुमच्याकडे ५.६० राहणार.

ही सगळी चौकशी सहीच्या आधी व्हायला हवी. टर्मशीटमधल्या बऱ्याच अटी बंधनकारक नसतात, पण दुसऱ्या गुंतवणूकदाराशी बोलायचं नाही ही अट बहुधा बंधनकारक असते. सही केली की महिना-दोन महिने हात बांधले जातात, आणि तेवढ्यात खात्यातले पैसे संपत येतात.

पुण्यात कैलास आणि संजय काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हील ही अँटिव्हायरस बनवणारी कंपनी उभी केली. २०१० मध्ये सिकोइया या फंडाचे ६० कोटी आले, तेव्हा कंपनी स्वतःच्या कमाईवर चालत होती. सगळ्यांना ते जमणार नाही, मला माहीत आहे. पण खात्यात निदान आठ-नऊ महिन्यांचे पैसे असतानाच ही बोलणी सुरू करा. दोन महिन्यांचे उरले असताना माणूस काहीही वाचत नाही, नुसती सही करतो. मी केली होती.

कोल्हापूरच्या त्या मुलाने मुदत वाढवून मागितली. दहा दिवस मिळाले. बंद पडलेल्या पाच कंपन्यांची नावं त्याने शोधून काढलीत, तिघांशी बोलून झालंय. त्यातले एकजण पन्नास मिनिटं बोलत होते, आणि शेवटी म्हणाले, "मला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं." उरलेल्या दोघांना तो उद्या फोन करणार आहे.