झालं का?

म्हापशात शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात जायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मला एक-चौदाच्या उताऱ्याचं, म्हणजे आमच्या गोव्यातल्या सातबाऱ्याचं, एक पान हवं होतं. एकच! फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, काउंटरवरच्या मुलीने प्रिंट दिली आणि प्रिंटरने मौन धरलं.

माझ्यापुढे एक निवृत्त मास्तर. बगलेत छत्री, हातात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, सुक्या बांगड्यांची पिशवी, तिचा वास थेट माझ्या शर्टात. दर अर्ध्या मिनिटाला ते विचारत, "जालें गो बाय?" मुलगी हातातलं लॅमिनेशन टाकून प्रिंटरपर्यंत जाई, वाकून बघे, परत येई.

"ना मास्तर, रांगेंत आसा."

"आनी आतां?"

शेवटी माझ्याने राहवेना. म्हटलं, "मास्तर, सारखं विचारलं तर ती काम कधी करणार? कॉम्प्युटरसुद्धा असा वेळ घालवत नाही. प्रोसेसर आपलं काम करत राहतो. जोडलेल्या यंत्राला काही सांगायचं असलं की तेच हाक मारतं, इंटरप्ट पाठवतं. सारखं विचारत बसण्याला पोलिंग म्हणतात."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "हो कीबोर्ड यूएसबी न्ही? तो इंटरप्ट दिता?"

मी गप्प. कारण १९९६ साली आलेल्या या यूएसबीत कीबोर्डने आपणहून तोंड उघडायचंच नसतं. जुने गोल पिनेचे कीबोर्ड कळ दाबली की हाक मारायचे, आताच्याला दर काही मिलिसेकंदांनी विचारावं लागतं, "आहे का काही?" अर्थात हे विचारतो कॉम्प्युटरमधला कंट्रोलर नावाचा वेगळा भाग, प्रोसेसर नव्हे, काही मिळालं की कंट्रोलर प्रोसेसरला इंटरप्ट देतोच. म्हणजे माझंही बरोबर होतं. पण हे मला सुचलं घरी, जेवताना.

"म्हजो पूत फर्मागुडी इंजिनियरिंग शिकलो," मास्तर म्हणाले. "ताची तयारी हांव घेतालों." आणि मुलीकडे वळून, "जालें गो?"

खरी लबाडी रांगेची. प्रिंटर सुस्त, म्हणून फाइल थेट त्याच्याकडे जातच नाही. आधी डिस्कवर पडून राहते. याला स्पूलिंग म्हणतात. फाइल तिथे टाकली की प्रोग्रामच्या लेखी काम संपलं, ताटकळायचं गिऱ्हाइकाने. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रिंटरचं दुखणं नेमकं कळलं नाही तर 'एलपी झीरो ऑन फायर', म्हणजे प्रिंटर पेटलाय, असा संदेश यायचा. निदान काहीतरी तरी सांगायचा! इथे नुसता एक नारिंगी दिवा.

मुलीने मागचं झाकण उघडून चुरगळलेला कागद ओढला आणि यंत्राला कंठ फुटला. देवळाच्या वर्धापनदिनाच्या पत्रिका भसाभस येऊ लागल्या. मास्तरांनी मोबाइलवरून ती फाइल पुन्हा पुन्हा पाठवली होती आणि मुलीने दरवेळी इमानाने प्रिंट दिली होती. सगळ्यांच्या तळाशी माझं पान, सर्व्हे नंबरावर काळा पट्टा ओढलेलं. "दुसरी काडूं?" असं विचारलं खरं, पण पैसे दोन्हींचे. मी तेच पान उचललं.

आणि हे सगळं कशासाठी? उतारा सरकारच्याच सर्व्हरवर आहे. तिथून तो माझ्या मोबाइलवर, मोबाइलवरून दुकानात, दुकानातून कागदावर आणि कागदावरून पुन्हा एका सरकारी कॉम्प्युटरमध्ये, कारकुनाच्या दोन बोटांनी.

"हो तीन काय आठ?" त्याने पट्टा उजेडाकडे धरून विचारलं.

"तीन," म्हणेपर्यंत त्याने आठ दाबला होता.