आत्याचा फॉरवर्ड आणि फाळक्यांचा वाटाणा

१६ फेब्रुवारीला, दादासाहेब फाळक्यांच्या पुण्यतिथीला, तोच मजकूर फिरतो: 'ना शिक्षण, ना अनुभव. एक इंग्रजी सिनेमा पाहिला, बायकोचे दागिने विकले आणि पंधरा दिवसांत राजा हरिश्चंद्र तयार!' यंदा आत्याने पाठवला, खाली हात जोडलेले. आत्या, रागवू नकोस, पण वडोदऱ्यात राहून हे पुढे ढकलायचं?

'ना शिक्षण'. अगं, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर फाळके १८९० मध्ये आपल्याच कलाभवनात, म्हणजे इथल्या कलाशिक्षण संस्थेत आले. दांडिया बाजारातून येताना ज्याच्यासमोर तू रिक्षा पकडतेस, तेच. तिथे चित्रकला, फोटोग्राफी. मग प्राचार्य गज्जरांनी त्यांना तीन रंगांचे ब्लॉक, म्हणजे चित्र छापायचे ठसे, बनवायला शिकायला रतलामला धाडलं. माझं छपाईचं दुकान, म्हणून सांगतो: घरातली एखादी लग्नपत्रिका भिंगाखाली धर. गणपती दिसत नाही, निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसतात. एक रंग केसभर सरकला की सोंडेला दुहेरी कड येते नि अख्खा गठ्ठा रद्दीत. आज प्लेट मशीन काढतं, तेव्हा सगळं हातावर. यात मुरलेल्या माणसाला अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणं काय नवीन?

अनुभवाचं तर विचारूच नकोस. गोध्र्यात फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, पुढे स्वतःचा छापखाना. सिनेमाने वेड लावल्यावरही १९१२ मध्ये लंडनला जाऊन हेपवर्थ या इंग्रज सिनेमावाल्याच्या स्टुडिओत काम पाहिलं, मगच कॅमेरा आणला.

दागिने गेले, हे खरं. पण त्याआधी विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या होत्या. आणि भांडवल उभं केलं ते वाटाण्याने! कुंडीत पेरला, रोज त्याचं थोडंथोडं चित्रण केलं, 'अंकुराची वाढ' नावाची छोटीशी फिल्म केली आणि पैसेवाल्यांना दाखवली. त्यावर कर्ज मिळालं. त्यांच्या बायकोला, सरस्वतीबाईंना मात्र या मजकुराने नुसती दागिन्यांची पेटी करून टाकलंय. कच्च्या फिल्मला तेव्हा कडेची भोकंही नसत. ती पाडायला, फिल्म धुवायला त्या बसत, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. हात जोडायचे तर तिथे जोड.

राहिले पंधरा दिवस. नुसतं शूटिंगच जवळजवळ सात महिने चाललं. तारामतीसाठी बाई मिळेना, शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलातले आचारी साळुंके उभे राहिले. हॉटेलात त्यांना महिना १० रुपये मिळत, फाळक्यांनी १५ कबूल केले. तुझे पंधरा बहुतेक तिथलेच.